सात सामने, एक परार्ध

१ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात हा हिशेब कुणाला समजावून सांगावा लागत नाही. यांत्रिक बोटींना समुद्र बंद होतो. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात, जाळी डागडुजीला काढली जातात, परगावचे खलाशी आपापल्या घरी जातात. बाहेर कोकणातला पाऊस आणि हाताशी रिकामा वेळ. अशा वेळी कपाटामागून जे बाहेर निघते, त्यात कॅरम असतोच.

समजा, या ६१ दिवसांत इथे कॅरमची एकेरी स्पर्धा भरवायची आहे. खेळाडू १२८, मांडलेले कॅरम १६. एका सामन्याला एक तास धरू आणि रोज आठ तास खेळ चालवू. स्पर्धा कोणत्या पद्धतीने घ्यायची?

सगळ्यात न्याय्य म्हणजे साखळी. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे. प्रत्येकाचे १२७ सामने. एक सामना दोघांच्या खात्यात पडतो, म्हणून १२८ गुणिले १२७ भागिले २. उत्तर ८,१२८ सामने. १६ कॅरमवर रोज १२८ सामने उरकतात. म्हणजे साडेत्रेसष्ट दिवस लागणार. मासेमारीची बंदी उठेल, बोटी समुद्रात जातील, आणि आपले ३२० सामने तसेच राहतील.

आता बाद पद्धत घ्या. हरला तो घरी गेला. किती सामने होतील हे काढायला कागदसुद्धा लागत नाही. प्रत्येक सामन्यात एक जण बाद होतो, १२८ पैकी १२७ जण बाद व्हायचे आहेत, म्हणून सामने १२७. पहिल्या फेरीच्या ६४ सामन्यांना चार तास, दुसऱ्या फेरीच्या ३२ सामन्यांना दोन, आणि पुढच्या पाच फेऱ्यांना प्रत्येकी एक. सगळे मिळून ११ तास. आज सकाळी सुरू केले तर उद्या दुपारी करंडक कुणाच्या तरी हातात असेल.

साडेत्रेसष्ट दिवसांचे काम दीड दिवसात. ही बचत कशी होते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे मला सांगायचे आहे. त्याआधी एक गंमत सांगतो, कारण ती सोडवत नाही. ८,१२८ ही गणितात ‘परिपूर्ण’ म्हटली जाणारी संख्या आहे. तिला पूर्ण भाग जाणाऱ्या, तिच्याहून लहान सगळ्या संख्यांची बेरीज केली की पुन्हा ८,१२८ येते. ६, २८, ४९६ आणि ८,१२८ या अशा पहिल्या चार संख्या ग्रीकांना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून ठाऊक होत्या. आणि ८,१२८ म्हणजे ६४ गुणिले १२७. बाद स्पर्धेच्या पहिल्या फेरीतले सामने गुणिले तिचे एकूण सामने! साखळीचा अवाढव्य आकडा बाद पद्धतीच्या दोन छोट्या आकड्यांत असा घडी घालून बसलेला आहे.

रत्नागिरीत कॅरम म्हणजे नुसता पावसाळ्यातला विरंगुळा नव्हे. रियाज अकबर अली आणि आकांक्षा कदम ही नावे महाराष्ट्रातल्या कॅरम रसिकांना नव्याने सांगावी लागत नाहीत, दोघे रत्नागिरीचे. राज्यातल्याच पुण्याचा योगेश परदेशी आणि मुंबईचा प्रशांत मोरे यांनी जगज्जेतेपद मिळवले. मोरेने ते २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला जिंकले. पहिली जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये दिल्लीत झाली आणि चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी ती जिंकली. या सगळ्यांची वाट बाद फेऱ्यांच्या तक्त्यावरून गेली आहे. १२८ नावांचा तक्ता असेल तर ती वाट सात सामन्यांची.

सात हा आकडा फार लहान वाटतो. तो वाढत किती सावकाश जातो ते बघा.

रत्नागिरी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ७६ हजारांच्या वर होती. तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत सगळ्या शहराची बाद स्पर्धा घेतली, तर विजेत्याला १७ सामने पुरतात. सगळा रत्नागिरी जिल्हा, १६,१५,०६९ माणसे: २१ सामने. सगळा महाराष्ट्र, ११ कोटी २३ लाखांच्या वर: २७ सामने. आणि सगळे जग? एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, असे करत गेलो की तेहेतिसाव्या वेळी ८,५८,९९,३४,५९२ हा आकडा येतो. पृथ्वीवर आज सव्वाआठशे कोटींच्या आसपास माणसे आहेत. ती सगळी या तक्त्यात मावतात, वर काही कोटी लोकांना पहिल्या फेरीत पुढे चाल द्यावी लागते. ३३ सामने जिंकणारा माणूस साऱ्या मानवजातीत पहिला.

म्हणजे मिरकरवाड्यातल्या १२८ जणांत जो पहिला आला, त्याच्यात आणि जगात फक्त २६ सामन्यांचे अंतर उरते.

हा हिशेब करून मी पहिल्यांदा थांबलो तेव्हा वाटले, काहीतरी चुकते आहे. चुकत काहीच नव्हते. तो जगाचा तक्ता पूर्ण भरलेला धरला तर पहिल्या फेरीला ४२९ कोटींहून जास्त कॅरम लागतील. कॅरमचा खेळायचा पृष्ठभाग नियमाप्रमाणे ७३.५ ते ७४ सेंटीमीटरचा चौरस असतो. ७४ सेंटीमीटर धरून नुसते पृष्ठभाग एकापुढे एक ठेवत गेलो, तर ती रांग ३१ लाख ७८ हजार किलोमीटर होते. चंद्रापर्यंत चार वेळा जाऊन चार वेळा परत, तरी थोडी रांग उरते. दुसऱ्या फेरीला ती निम्मी होते. आणि अशी निम्मी होत होत तेहेतिसाव्या फेरीला उरतो एक कॅरम, एक दिवा आणि समोरासमोर दोन माणसे. सगळ्या फेऱ्या मिळून खेळाचे तास ३३.

बाद पद्धत जगातल्या माणसांना इतक्या वेगाने संपवते.

आता वरून खाली येऊ, त्या एका कॅरमवर. त्यावर १९ सोंगट्या: नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक लाल राणी. सोंगटीचे वजन ५ ते साडेपाच ग्रॅम. आपल्या स्पर्धेतल्या सोळाही कॅरमवरच्या सगळ्या ३०४ सोंगट्या तराजूत घातल्या तरी दीड-पावणेदोन किलो भरतील, मिरकरवाड्याच्या लिलावात येणाऱ्या एका मध्यम सुरमईएवढ्या. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. एवढ्या हलक्या वस्तूंवर एवढा मोठा खेळ उभा आहे.

आणि तो किती बारीक आहे ते मोजता येते. भोकाचा व्यास ४.४५ सेंटीमीटर, सोंगटीचा जास्तीत जास्त ३.१८. सोंगटी कडेला न घासता स्वच्छ आत जायची असेल तर दोन्ही बाजूंना मोकळीक उरते साधारण ६ मिलिमीटर. सोंगटी भोकापासून ६० सेंटीमीटरवर आहे असे धरा. तिची दिशा अंशाच्या सहा दशांशापेक्षा जास्त चुकता कामा नये. पण खेळाडूचे बोट सोंगटीला लागत नाही, ते स्ट्रायकरला लागते. दोन गोल वस्तू टकरल्या की चूक वाढते, कारण स्पर्शाचा बिंदू किंचित सरकला तरी सोंगटी बऱ्याच वेगळ्या दिशेला निघते. ३० सेंटीमीटर धावून सोंगटीला लागणारा स्ट्रायकर आपल्या रेषेपासून चार दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, की सोंगटी ती मोकळीक ओलांडते. शिवणाची साधी सुई याहून जाड असते. कोनात सांगायचे तर अंशाचा सुमारे चौदावा भाग.

यात सोंगटी सोंगटीला लागून जाणार असेल तर चूक पुन्हा गुणली जाते. दोन सोंगट्यांमध्ये दहा सेंटीमीटर अंतर धरले तर दर टकरीला चूक साधारण तिप्पट होते. आता एका अणूच्या व्यासाएवढी चूक घ्या, सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. तिला तिनाने गुणत जा. अठराव्या टकरीला ती सोंगटीएवढी झालेली असते. प्रत्यक्षात वेग संपून सोंगट्या त्याआधीच थांबतात. तरी मधले ‘घर’ फोडणारा ब्रेक दोनदा हुबेहूब तसाच का बसत नाही, याचे उत्तर या तिप्पट-तिप्पटीत आहे. पावसाळ्यात तर हवाच ओली असते, प्लायवूड ओल धरते, कॅरम जड चालतो. म्हणून वर लोंबणारा दिवा उजेडाबरोबर ऊबही देतो, आणि बोरिक पावडरीची चिमूट पुन्हा पुन्हा फिरवावी लागते.

अशा पृष्ठभागावर जेव्हा एखादा खेळाडू ब्रेक करून त्याच पाळीत आपल्या नऊही पांढऱ्या आणि राणी घेऊन उठतो, तेव्हा पंच ‘व्हाइट स्लॅम’ची नोंद करतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातल्या बातमीच्या शेवटच्या ओळीत ती येते. त्या ओळीच्या पोटात काय आहे?

दहा वस्तू एकामागून एक घ्यायच्या. किती क्रमांनी घेता येतील? हा प्रश्न आपल्याकडे पावणेनऊशे वर्षांपूर्वी विचारून झाला आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत अंकपाश नावाचे प्रकरण आहे. सह्याद्रीच्या परिसरातला हा गणिती. त्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. अंकपाशात तो विचारतो की शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, त्रिशूळ अशा दहा वस्तू अदलाबदल करून दिल्या, तर मूर्तीचे प्रकार किती होतील. उत्तर ३६,२८,८००. शंकराचे दहा हात आणि व्हाइट स्लॅमच्या दहा सोंगट्या, गणित एकच.

फक्त कॅरममध्ये राणीचा नियम आडवा येतो. आपली एक तरी सोंगटी घेतल्याशिवाय राणी घेता येत नाही, आणि राणी घेतली की लगेच कव्हर द्यावे लागते, म्हणजे पाठोपाठ आपली एक सोंगटी घ्यावी लागते, म्हणून ती शेवटीही ठेवता येत नाही. दुसऱ्यापासून नवव्या क्रमांकापर्यंत तिला आठच जागा. बाकीचे क्रम वगळले की २९,०३,०४० उरतात. प्रत्येक सोंगटीला चार भोके मोकळी. दहा सोंगट्यांचे मिळून १०,४८,५७६ प्रकार. दोन्हींचा गुणाकार ३०४ खर्वांच्या पुढे जातो, तीन लाख चार हजार कोटींहून जास्त. एका व्हाइट स्लॅमच्या इतक्या वाटा, आणि हे सगळे दोन सोंगट्या एकाच फटक्यात गेल्या तर काय, हा विचार न करता.

आणि सगळ्या १९ सोंगट्या? नियम बाजूला ठेवून, प्रत्येक सोंगटी वेगळी मानून, त्या किती क्रमांनी कॅरमवरून जाऊ शकतात? एकोणीस गुणिले अठरा गुणिले सतरा असे एकापर्यंत या:

१,२१,६४,५१,००,४०,८८,३२,०००.

हा आकडा वाचायला शब्द आहे का? आहे. लीलावतीत एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य अशी दहापटींची नावे चढत जातात आणि शेवटचे नाव येते परार्ध. एकावर सतरा शून्ये. त्यापुढे भास्कराचार्य नाव देत नाही. आपल्या १९ सोंगट्यांचा आकडा एक परार्ध आणि वर साधारण एक पंचमांश. नावे जिथे संपतात बरोबर त्या पायरीवर कॅरमचा एक डाव जाऊन उभा राहतो. दर सेकंदाला एक क्रम लिहायला बसलो तर ३८५ कोटी वर्षे लागतील. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे आहे.

आता लंडनला जाऊ, कारण हाच आकडा, शेवटच्या शून्यापर्यंत हाच, तिथे भिंतीवर टांगलेला आहे.

डार्ट्सच्या गोल फळ्यावर १ ते २० आकडे वर्तुळात मांडलेले असतात. वर २०, त्याच्या दोन बाजूंना ५ आणि १. मोठ्या आकड्याच्या शेजारी लहान आकडे, म्हणजे नेम चुकला की शिक्षा. हे वीस आकडे वर्तुळात किती प्रकारे मांडता येतील? फळा फिरवून सारखी दिसणारी मांडणी एकच धरली, तर एक आकडा जागेवर बसवून उरलेले १९ फिरवायचे. पुन्हा एकोणीस गुणिले अठरा गुणिले सतरा. पुन्हा तोच एक परार्ध आणि एक पंचमांश. कोकणातल्या पडवीत सोंगट्यांचा जो आकडा, तोच तिकडच्या भिंतीवर बाणांचा.

साम्य इथे थांबत नाही. डार्ट्सचा खेळाडू फळ्यापासून २.३७ मीटरवर उभा राहतो. सगळ्यात जास्त गुण देणारा तिप्पट विसाचा कप्पा उभ्या दिशेने ८ मिलिमीटरचा. मधून दोन्हीकडे चार-चार मिलिमीटर, म्हणजे कोनात अंशाचा दहावा भाग. कॅरमवर आपण काढला होता चौदावा. हजारो किलोमीटर अंतरावर, एकमेकांशी काही नाते नसताना घडलेल्या दोन खेळांनी माणसाच्या हाताची परीक्षा जवळजवळ एकाच मापाने घेतली आहे.

डार्ट्सची व्यावसायिक जागतिक स्पर्धा लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये डिसेंबरात सुरू होते आणि जानेवारीच्या आरंभी संपते. ल्यूक लिटलर जानेवारी २०२५ मध्ये तिथे १७ व्या वर्षी जगज्जेता झाला. तोवर तिथे ९६ खेळाडू असत. डिसेंबर २०२५ च्या स्पर्धेपासून ते १२८ झाले आणि विजेत्याचे बक्षीस १० लाख पौंड, म्हणजे अकरा-बारा कोटी रुपये. १२८ खेळाडू, १२७ सामने, सात फेऱ्या. आपल्या मिरकरवाड्यातल्या कल्पनेतल्या स्पर्धेची चौकट तंतोतंत हीच. तिकडचे परमोच्च कौशल्य म्हणजे ५०१ गुण नऊ बाणांत संपवणे. ते ३,९४४ प्रकारे साधता येते. आपल्याकडचे तसे शिखर काढून बघा. स्लॅमचे गुण १२: समोरच्याच्या उरलेल्या नऊ सोंगट्या आणि राणीचे तीन. दोन स्लॅम केले की २४. गेम २५ ला संपतो. दोन निर्दोष बोर्ड, म्हणजे डाव, करूनही एक गुण कमीच पडतो, तिसऱ्या बोर्डाला बसावेच लागते. तीन गेमपैकी दोन जिंकायचे म्हणजे कमीत कमी सहा बोर्ड, आणि सात सामन्यांना ४२. दर गेम आठ बोर्डांपर्यंत आणि दर सामना तिसऱ्या गेमपर्यंत लांबला तर हेच १६८ वर जाते. करंडक उचलणारा हात एवढे बोर्ड खेळून आलेला असतो.

तक्त्याकडे परत येऊ. स्पर्धेच्या आदल्या रात्री १२८ नावांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि त्याच्यासमोर घोळका जमतो. कोण कुणाला भेटणार, कोण कुठवर जाणार, प्रत्येकजण आपापला अंदाज सांगतो. १२७ सामन्यांचे निकाल सगळेच्या सगळे बरोबर सांगायचे तर किती शक्यतांमधून एक निवडावी लागेल? एकाला दोनाने १२७ वेळा गुणा:

१७,०१,४१,१८,३४,६०,४६,९२,३१,७३,१६,८७,३०,३७,१५,८८,४१,०५,७२८.

परार्धाला परार्धाने गुणले आणि वर सतरा हजारांनी गुणले, तेव्हा आपण याच्या आसपास येतो. जगातल्या सव्वाआठशे कोटी माणसांनी विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत दर सेकंदाला एक अंदाज लिहिला असता, तरी सगळे अंदाज संपायला तसे साडेचार हजार कोटींहून जास्त विश्वकाल लागले असते. या शक्यतांपैकी बरोबर एकच. म्हणून चुकीच्या अंदाजांची संख्या याहून एकाने कमी, शेवटी ७२७. ती मूळ संख्या आहे: एक आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये हाताने हिशेब करून ते सिद्ध केले, आणि १९५१ पर्यंत ती माणसाला माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या होती.

हे झाले निकालांचे. मुळात तो तक्ता किती प्रकारे पडू शकला असता? चार खेळाडूंच्या स्पर्धेत ३ प्रकार. आठांच्या स्पर्धेत ३१५. सोळांच्या स्पर्धेत ६३,८५,१२,८७५, म्हणजे चौसष्ट कोटींच्या जवळ, आणि हे फक्त सोळा जणांत! १२८ जणांचा आकडा १७८ अंकी आहे. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या शास्त्रज्ञ एकावर ऐंशी शून्ये एवढी धरतात. चिठ्ठ्या काढणारा हात डब्यात जातो तेव्हा एवढ्या शक्यतांमधून एक बाहेर येते, आणि कुणाचे तरी वर्ष तिच्यावर ठरते.

इथे मला त्या बचतीच्या किमतीकडे यायचे आहे.

समजा एक खेळाडू इतका चांगला आहे की समोर कुणीही बसो, दहापैकी नऊ सामने तो जिंकतो. अशी स्पर्धा तो जिंकण्याची शक्यता किती? नऊ दशांश सात वेळा गुणा. ०.४७८. निम्म्याहूनही कमी! स्पर्धेतला निर्विवाद श्रेष्ठ खेळाडू निम्म्याहून जास्त वेळा हात हलवत घरी जातो. दहापैकी आठ जिंकणाऱ्याची शक्यता पाचात एक. आणि मघाच्या सगळ्या जगाच्या स्पर्धेत, ३३ फेऱ्यांत, तो दहात नऊवाला शंभरात तीन वेळा टिकेल.

दुसऱ्या क्रमांकाचे तर आणखी वाईट. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या तक्त्यात सर्वोत्तम आणि दुसरा सर्वोत्तम खेळाडू एकाच अर्ध्यात पडण्याची शक्यता १२७ पैकी ६३. तसे झाले की श्रेष्ठ नेहमीच जिंकतो असे धरले तरी दुसरा अंतिम फेरी बघत नाही, आणि उपविजेत्याचा करंडक त्याच्याहून कमी खेळाडूकडे जातो. ॲलिसच्या गोष्टी लिहिणारा लुईस कॅरॉल पेशाने गणिताचा अध्यापक होता. त्याने १८८३ मध्ये टेनिसच्या स्पर्धांवर पुस्तिका लिहून याच अन्यायावर बोट ठेवले. पहिले चारही श्रेष्ठ उपांत्य फेरीत पोहोचण्याची शक्यता मानांकन नसेल तर दहा टक्क्यांहूनही कमी येते. म्हणूनच मानांकन द्यायचे, नावाजलेल्यांना तक्त्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवायचे. ते आवश्यक आहे. पण त्यातही ज्याला मानांकन नाही, जो नवा आहे, त्याच्या वाट्याला पहिल्याच सकाळी सर्वात कठीण माणूस येऊ शकतो.

बाद पद्धत शोधते फक्त एकाला. उरलेल्या १२७ जणांचे ती काहीच नीट सांगत नाही. पहिल्या फेरीत हरलेला मुलगा एकशे अठ्ठाविसावा असू शकतो, तसाच तो दुसराही असू शकतो. हे तपासायला आणखी बासष्ट दिवस लागले असते, आणि ते आपण वाचवले आहेत. त्याची किंमत त्या मुलाने एका तासात चुकवली. तो जाळीवाल्याचा मुलगा असेल, बर्फाच्या कारखान्यात कामाला असेल. त्याने पंचांशी हात मिळवला, स्ट्रायकर खिशात टाकला आणि तो पावसात बाहेर पडला. तो वाईट खेळला असे मी मानत नाही. सुईच्या जाडीएवढे अंतर, एक चिठ्ठी, एक तास. त्याच्याविषयी त्या तक्त्याला एवढीच माहिती आहे. आपण त्याच्या कपाळावर याहून जास्त काही लिहू नये.

म्हणून एक विनंती करतो. तुमच्या गावात, वाडीत, मंडळाच्या हॉलमध्ये कॅरमची स्पर्धा लागली, तर अंतिम सामन्याच्या संध्याकाळची वाट बघत बसू नका. पहिल्या दिवशी सकाळी नऊला जा. तेव्हा खुर्च्या रिकाम्या असतात, सोळाही कॅरमवर दिवे लागलेले असतात. कुठल्याही एका कॅरममागे, ज्यांची नावे तुम्ही कधी ऐकलेली नाहीत अशा दोघांच्या मागे, उभे राहा. १२७ पैकी ६४ सामने, म्हणजे निम्म्याहून जास्त स्पर्धा, दुपारी एकपर्यंत संपलेली असते.